सरपंचाच्या सपरीत भैय्यालालची खाट

लाईन गेली की आमच्या वस्तीत सगळे आधी धुरपतामावशीच्या घराकडे पाहतात. पूर्वी असं नव्हतं. लाईन गेली की लोक खाटा अंगणात काढायचे, पदराने वारा घ्यायचे, वायरमनला शिव्या द्यायचे, आणि गप्पा अशा रंगायच्या की लाईन आल्यावर कुणाला उठावंसं वाटायचं नाही. आता शिव्या नंतर. आधी मान तिकडे वळते, आणि कान देऊन सगळे थांबतात.

आमचं गाव तुमसर तालुक्यात, बपेऱ्याच्या अलीकडे. नदीपलीकडे मध्य प्रदेश इतका जवळ की कधी कधी घरात बसल्या बसल्या मोबाईलवर मध्य प्रदेशात स्वागत असल्याचा मेसेज येतो. गावाच्या एका टोकाला आमची बौद्ध वस्ती, मधे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे बाकीचं गाव. वस्तीत माझं शिवणकामाचं मशीन, आणि माझ्या भिंतीला लागून धुरपतामावशीचं घर.

मावशी मुळात भित्री बाई नाही. तिच्याबरोबर मी कितीतरी वर्षं धानाच्या रोवण्याला गेले. धानाच्या बांधीत उतरल्यावर चिखलातून साप सळसळत गेला तर आम्ही बाया किंचाळून कडेच्या धुऱ्यावर चढायचो, ती तशीच वाकून धान लावत राहायची आणि म्हणायची, "जाऊ द्या ना त्याले, तो आपल्या कामाले जाऊन रायला." मोहफुलं वेचायला ती उजाडताच रानात जायची. एकदा वाघ आडवा आला तेव्हा तिने टोपली हळूच खाली ठेवली आणि तो जाईपर्यंत उभी राहिली. मग टोपली उचलून उरलेली फुलं वेचून आली. घरी येऊन तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आम्हाला कळलं ते दुसऱ्या बायांकडून.

तिचा नवरा भैय्यालाल तरुणपणापासून खाणीत होता. त्याने तिथल्या धुळीत उमर काढली. खोकला सुरू झाला तेव्हा विड्यांमुळे आहे असं सगळे म्हणाले. विड्या सोडल्या, खोकला राहिला. मग दम लागायला लागला, मग घरातून नळापर्यंत जाणंही होईना. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसं आतून दगडासारखी झालीत, आता घरी ऑक्सिजन लावून ठेवावा लागेल. मुलगा अश्वजित नागपूरला कंपनीत आहे. त्याने मशीन आणून दिलं. छोट्या पेटीएवढं, खाली चाकं, वर पाण्याची बाटली, त्यात बुडबुडे. त्याची एक लांब नळी भैय्यालालच्या नाकात.

मशीन चालू असतं तेव्हा दूरवर पिठाची गिरणी चालल्यासारखा आवाज येतो. लाईन गेली की ते आधी एक लांब शिट्टी देतं, कान फाडणारी, आणि मग गप्प होतं. त्या शिट्टीने मावशीला भित्री केलं. ती रोवण्याला येईनाशी झाली. लग्नाकार्याला जाईनाशी झाली. मुलगी रीना मोहाडीला दिली आहे, तिच्या बाळंतपणालाही मावशी गेली नाही. कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या हातातलं भांडं खाली पडायचं. लाईन गेल्यावर लावायला एक सिलेंडर होतं, त्याचा कान, म्हणजे वरची चावी, कसा फिरवायचा हे ती अश्वजितकडून शिकली होती. पण शिट्टी झाली की घाईत तो नीट फिरायचा नाही. एकदा मी तिच्याजवळ होते. कान फिरेना, भैय्यालालचे ओठ काळसर व्हायला लागले, आणि ही नुसती "फिर ना बापा, फिर ना" म्हणत राहिली. शेवटी आम्ही दोघींनी मिळून फिरवला.

हा जो प्रसंग सांगते आहे तो या एप्रिलमधला. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. सरपंच सुलोचनाबाई, मागच्या वेळी जागा बायांसाठी होती म्हणून त्या झाल्या; या वेळीही उभ्या त्याच होत्या. सही त्यांची, बोलणं त्यांच्या नवऱ्याचं. नवरा श्रावणभाऊ. अधिकाऱ्यांचा फोन आला तरी तेच उचलायचे आणि "हां, सरपंच बोलतो" म्हणायचे. त्यांच्यासमोर कैलाश, दुसऱ्या गटाचा. तो हातात कायम मोबाईल धरून फिरायचा आणि नाली तुंबलेली दिसली तरी थांबून व्हिडिओ काढायचा.

शिवारात उन्हाळी धान होतं आणि धानाच्या मोटारी वस्तीच्याच डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, चालायच्या. चालवू नयेत हे सगळ्यांना माहीत होतं, चालवणारे कोण हेही माहीत होतं. एका दुपारी मोठा आवाज झाला. आम्ही बाहेर आलो तर डीपीतून धूर निघत होता आणि खालच्या मातीवर तेल टपकत होतं. त्याच वेळी भिंतीपलीकडून मशीनची शिट्टी ऐकू आली.

वायरमन तेजराम मोटारसायकलवर आला, वर बघून म्हणाला, "जळली."

"नवी कवा येईन?" मावशीने विचारलं.

"नंबर लागते, मावशी. वरून फोन आला त लवकर येते."

"वरून म्हन्जे कोठून?"

तेजरामने सरपंचांच्या घराकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि गाडीला किक मारली.

ती रात्र सिलेंडरवर निघाली. सकाळी काटा लाल रेषेवर टेकला होता. अश्वजित भरलेलं सिलेंडर घेऊन नागपूरहून निघणार होता, पण पोचायला संध्याकाळ होणार होती. दवाखान्यात नेऊ म्हटलं तर भैय्यालालने दोन्ही हात हलवले. गेल्या वर्षी तिथे त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की त्याचा दम आणखी चढायचा.

रस्त्यापलीकडे दुसऱ्या डीपीची लाईन चालू होती. आम्ही दोघी आधी ईश्वरच्या किराणा दुकानात गेलो. मावशीचं उधार-उसनं, बोलणं-चालणं तिथेच. ईश्वर तराजूकडे बघत म्हणाला, "वायर जुनी हाय वो. मशीनचा लोड नाई झेपत." त्याच्या मागे फ्रिज चालू होता, कूलरही चालू होता. मावशी दुकानाची पायरी उतरली. शाळेला कुलूप होतं. मग उरलं ते सरपंचांचं घर.

मावशी रस्त्यातच थांबली. "रीता, तेथी आपल्यातलं कोनी कवा बसलं हाय का?"

मी म्हटलं, "नाई बसलं."

आम्ही लोक त्या अंगणात दाखल्यासाठी उभे राहिलेलो, मिटिंगला उभे राहिलेलो. सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, चढलेलं कुणी मला आठवत नव्हतं. आणि त्यातून निवडणुकीचे दिवस. कुणाच्या दारात कोण गेलं हे संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं.

"नाई म्हनले त?" मावशी म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नाई म्हनले त तेथीच मरन. पन घरी त मरतेच हाय."

वस्तीतल्या चार जणांनी भैय्यालालची खाट उचलली. सिलेंडर त्याच्या पायांशी, मशीन मी ओढत होते, मावशी नळी धरून बाजूने चालत होती. आम्ही रस्त्यावर आलो तर हातपंपावरच्या बायांनी पदर डोक्यावर घेतले. एका म्हाताऱ्याने सायकलवरून उतरून हात जोडले. खाटेवर माणूस, चौघांच्या खांद्यावर, दुसरं काय समजणार? भैय्यालालच्या ते लक्षात आलं. त्याने हात वर करून हलवला. बाया आणखी घाबरल्या. मावशीने मला नंतर सांगितलं, "मले वाटे का मी ह्याले जित्तेपनीच पोचवून रायली."

सुलोचनाबाई अंगणात डाळ वाळत घालत होत्या. आम्हाला पाहून त्यांचा हात थांबला. मावशीने पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, डीपी, सिलेंडर, काटा. बाईंनी मागे वळून घराकडे पाहिलं. श्रावणभाऊ प्रचाराला गेले होते. मग त्या म्हणाल्या, "आना. सपरीत आना. बोर्ड त्या कोपऱ्यात हाय."

खाट ठेवली. बाईंनी स्वतः मशीनची पिन लावली, बटन दाबलं. मशीन घुरघुरलं, बाटलीत बुडबुडे आले. मावशी जिथे होती तिथेच खाली बसली. बाईंनी तिला पाणी दिलं. मावशीने पेला हातात घेतला आणि बराच वेळ नुसती त्या पेल्याकडे बघत राहिली, मग प्याली.

दुपारी श्रावणभाऊ आले. बरोबर चार-पाच माणसं. ते दारातच थांबले.

"हे काय हाय?"

"वस्तीतले भैय्यालाल," बाई म्हणाल्या. "डीपी आली का जातील."

"आज घरी मिटिंग हाय, तुले मालूम नाई का?" मग ते मावशीकडे वळले आणि आवाज बदलला. "बसा, बसा मावशी. काई काळजी करू नका."

त्या बदललेल्या आवाजाची मावशीला जास्त भीती वाटली. तिने माझा हात असा धरला की बांगड्या रुतल्या. आणि त्याच वेळी मला रस्त्यावर कैलाश दिसला. मोबाईल उभा धरून तो सपरीचा व्हिडिओ काढत होता. नळी लावलेला भैय्यालाल, त्याच्या उशाला श्रावणभाऊंच्या गटाचा बॅनर, आणि बॅनरवर मोठ्या अक्षरांत विकास.

व्हिडिओ तासाभरात सगळीकडे गेला. त्यावर कैलाशने काय लिहिलं होतं ते मी वाचलं: वस्ती अंधारात, गरीब मरणाच्या दारात. मग कुणी ते वाचलं, कुणी नुसतं चित्र पाहिलं, कुणी पुढे पाठवताना आपलं काही जोडलं. उन्हं कलली तेव्हा मावशीचा फोन वाजला. पलीकडे रीना होती आणि ती नुसती रडत होती.

"काय झालं व? रीना? बोल ना!"

"आई, बाबा... ग्रुपवर आलं ना, बाबा गेले म्हनून..."

मावशी झटकन वळली. भैय्यालाल डोळे मिटून पडला होता. मशीन चालूच होतं, बुडबुडे चालूच होते, आणि त्यामुळेच काही कळत नव्हतं. छाती हलते आहे की नाही ते त्या जाड गोधडीवरून दिसेना.  खरं सांगते, मला वाटलं की मोबाईलला आपल्या आधी कळलं. मावशी रांगत खाटेपर्यंत गेली आणि तिने तळहात त्याच्या नाकासमोर धरला.

भैय्यालालने डोळे उघडले. "काय व? झोपू दे ना."

माझ्याही फोनवर ते आलं होतं. व्हिडिओतून कापलेला त्याचा चेहरा, भोवती फुलांची चौकट, खाली पणती, आणि भावपूर्ण श्रद्धांजली. खाली एकामागून एक हात जोडलेले. ज्यांनी सकाळी खाट उचलली त्यांच्यातल्या एकाच्या भावानेही हात जोडले होते. भैय्यालालने मागितला म्हणून मी फोन त्याच्या समोर धरला. त्याने बराच वेळ पाहिलं आणि दम घेत घेत म्हणाला, "इतके लोक... कवा भेटाले नाई आले." मावशीने फोन हिसकून घेतला आणि पालथा ठेवला. पुन्हा तिने मोबाईलकडे सरळ नजरेने पाहिलं नाही. आजही रिंग वाजली की आधी नवऱ्याकडे बघते, मग उचलते.

संध्याकाळी अश्वजितचा फोन आला की सिलेंडर भरून मिळालेलं नाही, तो उद्या निघेल. म्हणजे तिथेच राहायचं होतं. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की एक डीपी गाडीतून आली होती, पण ती खालच्या शिवारात उतरली. धान वाळून चाललं होतं म्हणे. त्या शिवारात बांध्या कुणाच्या ते मी सांगत नाही.

त्या सकाळी कैलाशचा माणूस मागच्या बाजूने आला. मावशी भांडी घासत होती. "मावशी, खरं काय ते मोबाईलसमोर सांगून टाक. आम्ही उद्याच डीपी आनतो." मावशी म्हणाली, "मले बोलता नाई येत बापा." तो गेला आणि घटकाभराने श्रावणभाऊ खुर्ची घेऊन खाटेजवळ बसले. त्यांच्या एका माणसाने मोबाईल धरला.

"मावशी, काई मोठं नाई सांगाचं. सरपंचानं मले घरात जागा देली, लाईट देली, जीव वाचवला. इतकंच."

बोलताना त्यांचा डावा हात भिंतीवर टेकला होता. बोर्ड तिथेच होता. अंगठा मशीनच्या बटनावर होता; दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. त्यांना ते माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. माणूस बोलताना कुठेही हात ठेवतो. पण मावशीची नजर त्या अंगठ्यावरून हलेना.

"बोला ना मावशी. चालू हाय."

मावशी बोलली. आवाज इतका बारीक की मला वाकून ऐकावं लागलं. "सुलोचनाबाईनं दार उघडलं. तिचे उपकार हायेत. वस्तीची डीपी जळली, ते अजून आली नाई. आली असती त मी येथी आलीच नसती. माहा मानूस जित्ता हाय, लोकाइनं हात जोडू नये."

"बंद कर," श्रावणभाऊ मोबाईलवाल्याला म्हणाले. मग मावशीला, "डीपीचं कायले काढलं? परत बोला. पयलंच तेवढं बोला."

"मले एकच नाई बोलता येत भाऊ. दोन्ही खरं हाय."

"मावशी, मी तुमच्या भल्याचं सांगून रायलो."

अंगठा तिथेच.  मावशीचे दात एकमेकांवर आपटत होते, एप्रिलच्या उन्हाळ्यात. भैय्यालालने नळी नाकाशी घट्ट धरली होती, जणू तिलाच कुणी ओढणार होतं. मी काही बोलावं असं मला वाटत होतं आणि मी काही बोलले नाही, कारण माझ्याही घराची लाईन, माझाही नळ त्याच पंचायतीत.

आतून सुलोचनाबाई आल्या. हातातल्या सुपात तांदूळ. त्यांनी एक खुर्ची ओढत आणली, इतक्या जोरात की फरशीवर चरचर आवाज झाला, आणि ती बरोबर बोर्डाखाली ठेवली. श्रावणभाऊंना हात काढावा लागला. बाई बसल्या आणि तांदूळ निवडू लागल्या.

"आत बस ना," श्रावणभाऊ म्हणाले.

"येथी उजेड चांगला हाय."

"लोक पाहून रायले."

"पाहू द्या. तुमची मिटिंग हाय ना चौकात? जा तुमी."

 श्रावणभाऊ चपला घालून गेले. बाई संध्याकाळपर्यंत तिथून उठल्या नाहीत. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. त्या तेच तेच दाणे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला करत होत्या. आमच्याशी त्या फारसं बोलल्या नाहीत. एकदाच मावशीला म्हणाल्या, "मले बी भेव वाटते व. रोज वाटते." मावशीने मान हलवली.

डीपी आली, पण अश्वजितचं सिलेंडर आल्यावर, आणि मतदानाच्या तोंडावर; तोवर खाट सपरीतच होती. तेजराम खांबावर चढला तेव्हा खाली दोन्ही गटांची माणसं होती आणि दोन्ही गटांचे मोबाईल वर रोखलेले होते. लाईन आली तशी दोन्हीकडून घोषणा झाल्या. आम्ही खाट परत आणली. या वेळी मावशीने भैय्यालालला पाठीशी उशा देऊन बसवून आणलं, म्हणजे तो जिवंत आहे हे लांबून दिसावं.

निवडणूक कैलाशच्या गटाने जिंकली. सुलोचनाबाई हरल्या. डीजे लावून मिरवणूक वस्तीतून निघाली. गुलालाचे ढग येताना पाहून मावशीने लुगडं पाण्यात बुडवून दारावर टांगलं. भैय्यालालच्या छातीत आता चिमूटभर धूळही सोसत नाही. कैलाश दारासमोर थांबला, मोबाईलकडे बघत ओरडला, "ही आपली मावशी!" मावशी आत भिंतीला टेकून बसली होती, डीजेच्या दणक्याने मशीनवरची बाटली थरथरत होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

तेव्हापासून ती दोन्हीकडची दोषी आहे. श्रावणभाऊंची माणसं म्हणतात, हिच्या खाटेनं आपल्याला पाडलं. कैलाशची माणसं म्हणतात, मागितलं तेव्हा बोलली नाही आणि तिकडे मात्र बाईचे उपकार मानले. वस्तीचा नळ आता उशिरा येतो. मुद्दाम असेल, नसेलही. कुणाला विचारायचं? विचारणं म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी अंगणात जाणं. सुलोचनाबाई कधी राशनच्या दुकानात दिसल्या तर लांबूनच "कसे हायेत?" असं विचारतात, मावशी "हायेत" म्हणते, आणि दोघी आजूबाजूला बघून आपापल्या वाटेने जातात.

अश्वजित दोघांना नागपूरला घेऊन जातो म्हणतो. त्याची खोली वरच्या मजल्यावर आहे, भैय्यालालला जिना चढवणार कसा, हा प्रश्न आहे, आणि भैय्यालालला जायचंही नाही. मशीन चालू आहे. तो उशांना टेकून दारातून रस्ता बघतो, ओळखीचा दिसला की हात वर करतो.

मावशीने त्याची खाट आता दाराजवळ ओढून घेतली आहे, उचलायला सोपी जावी म्हणून. रोज दिवेलागणीला ती बाहेर येते आणि खाट उचललेल्या त्या चौघांच्या घरांकडे बघून विचारते, "आज कोन कोन घरी हाय?" कुणी कामाला, कुणी सासुरवाडीला गेला असेल तर तिचा चेहरा पडतो. बाहेरगावी जाताना लोक आता तिला सांगून जातात, आणि न सांगता गेलेला माणूस परतल्यावर तिच्या समोरून लवकर निघून जातो.

काल विचारलं तेव्हा चौघांतले दोघे लग्नाला गेले होते. पश्चिमेकडे आभाळ काळं झालं होतं, वारा सुटला होता, खांबावरच्या तारा हलायला लागल्या होत्या. मावशी दारात उभी होती, एक हात खाटेवर.

मी म्हटलं, "मी धरीन ना खाटेचा एक पाय."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले झेपते का?"

"झेपते," मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं. मग आम्ही दोघींनी एका बाजूने खाट हळूच उचलून पाहिली, भैय्यालाल वर असतानाच, आणि परत खाली ठेवली.